जुन्या सीडीतले गेम मेकर नव्या विंडोजवर कसे चालवावे

सीडीवर मार्करने ‘गेम मेकर’ किंवा ‘क्लिक अँड प्ले’ (दोन्ही स्वतःचे कॉम्प्युटर खेळ बनवायची सॉफ्टवेअर) लिहिलेले आहे, पण नव्या लॅपटॉपवर सेटअप उघडतच नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय सांगतात: राइट क्लिक करा, कम्पॅटिबिलिटीत जाऊन विंडोज एक्सपी निवडा. कधीकधी तेवढ्याने भागते. पण सॉफ्टवेअर १६ बिटचे, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातल्या जुन्या रचनेचे असेल तर तिथले सगळे टिक लावूनही काही होत नाही. म्हणून ते १६ बिटचे की ३२ बिटचे, हे आधी ओळखायचे.

त्याच्याही आधी सीडी वाचवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात कपाटातल्या सीड्यांना बुरशी धरते. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग अख्ख्या सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, बनवून ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये त्या फाइलवर डबल क्लिक केले की ती सीडीसारखीच उघडते, ड्राइव्ह लागत नाही. जुना पीसी अजून चालू होत असेल तर त्यातले तुमचे प्रोजेक्ट आधी काढून घ्या. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत मिळू शकते, शाळेत असताना तुम्ही केलेला खेळ दुसरीकडे कुठे मिळणार?

आता बिट. मूळ एक्झे फाइल (.exe, जिच्यावर क्लिक केल्यावर प्रोग्राम सुरू होतो ती) नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य अक्षरांचा ढीग दिसेल, घाबरू नका आणि काहीही सेव्ह करू नका. सुरुवातीच्याच भागात ‘पी’ आणि ‘ई’ ही इंग्रजी कॅपिटल अक्षरे जोडीने दिसली तर फाइल विंडोजच्या ३२ बिट किंवा त्यानंतरच्या काळातली. ‘एन’ आणि ‘ई’ दिसली तर १६ बिट. सेटअपची आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअरची फाइल वेगवेगळी तपासा, कारण आतले सॉफ्टवेअर ३२ बिट आणि नुसता सेटअप १६ बिट, असा प्रकार त्या काळात बराच होता. तसे असेल तर जुन्या पीसीवरचे इन्स्टॉल झालेले फोल्डर जसेच्या तसे उचलून आणा. पुष्कळदा ते चालते.

३२ बिट निघाले तर काम सोपे. नेदरलँड्सचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये आणलेले गेम मेकर याच गटातले. इन्स्टॉल करताना ‘प्रोग्राम फाइल्स’ टाळा, सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचे साधे फोल्डर करा. व्हिस्टापासून विंडोज ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जुन्या सॉफ्टवेअरला थेट लिहू देत नाही. फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये पाठवते. सेव्ह केलेला खेळ गायब झाला असे वाटते तेव्हा बहुधा तो तिथे पडलेला असतो.

गेम मेकर ८ मध्ये केलेले खेळ सुरू होताना डायरेक्टप्ले मागतात, खेळ एकट्याने खेळायचा असला तरी. डायरेक्टप्ले म्हणजे नेटवर्कवर खेळण्यासाठीचा डायरेक्टएक्सचा जुना भाग. नव्या विंडोजमध्ये तो असतो, पण बंद. स्टार्टमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ शोधा, ‘लेगसी कंपोनंट्स’ उलगडा, डायरेक्टप्लेवर टिक करा. एवढे झाल्यावरही अडले तरच कम्पॅटिबिलिटीत जा. अक्षरे धूसर दिसत असतील तर तिथेच हाय डीपीआयची सेटिंग बदलता येते.

१६ बिटची गोष्ट वेगळी. १९९४ चे क्लिक अँड प्ले विंडोज ३.१ च्या काळातले. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्राम चालवणारी यंत्रणाच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. ३२ बिट विंडोज १० वर अजून जमते, पण त्या विंडोजचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. केवळ एका खेळासाठी तसला पीसी नेटला जोडून ठेवावा, असे मला वाटत नाही. त्यापेक्षा ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम चालवणारे ओटीव्हीडीएम हे फुकट साधन घ्या. त्याची झिप उलगडा आणि जुनी एक्झे माउसने ओढून ओटीव्हीडीएमच्या एक्झेवर सोडा. लिनक्स असेल तर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे वाइन हेच काम करते. दोन्हींनी हात टेकले तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारा प्रोग्राम) एक्सपी टाका, अर्थात एक्सपीची सीडी आणि परवाना तुमच्याकडे असेल तर. त्या एक्सपीचे नेटवर्क बंदच ठेवा.

आरपीजी मेकर २००० (हेही खेळ बनवायचे सॉफ्टवेअर) चे जपानी खेळ असतील तर कुणीतरी विंडोजचा सिस्टिम लोकेल, म्हणजे जुन्या प्रोग्रामांची अक्षरे कोणत्या भाषेची मानायची ती सेटिंग, जपानी करायला सांगेल. बेळगाव-निपाणीकडे मराठी-कन्नड दोन्हींचे डीटीपी चालणाऱ्या मशीनवर हे मुळीच करू नका. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) येण्यापूर्वीच्या श्रीलिपी किंवा नुडी फाँटमधला मजकूर इंग्रजी संकेतांवर बसवलेला असतो. लोकेल बदलला की लग्नपत्रिकांची अक्षरे विस्कटायची भीती. नुसते खेळायचे असेल तर ते खेळ चालवणारा ईझीआरपीजी प्लेअर हा प्रोग्राम पुरेसा आहे.

शेवटची अडचण खास आपली. गेम मेकर ८.० ला युनिकोड कळत नाही, त्यामुळे टाइप केलेल्या मराठी संवादाची प्रश्नचिन्हे होतात. संवाद चित्र काढायच्या कोणत्याही प्रोग्राममध्ये लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीत ठेवा आणि स्प्राइट (खेळात वापरायचे चित्र) म्हणून आत घ्या. जोडाक्षरेही शाबूत राहतात. खेळणारे दोन्ही भाषांचे असतील तर एकाच स्प्राइटमध्ये दोन चित्रे घाला: शून्यावर मराठी, एकवर कन्नड. मेनूत निवडलेल्या भाषेप्रमाणे इमेज इंडेक्स (कितवे चित्र दाखवायचे तो आकडा) बदला. मात्र इमेज स्पीड (चित्रे आपोआप बदलण्याचा वेग) शून्य करायला विसरू नका, नाहीतर मराठी आणि कन्नड पाट्या पडद्यावर आळीपाळीने लुकलुकत राहतील.