डिस्क राइट होत नसेल तर: बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधावे

न्यायालयात पुराव्यासोबत द्यायचे चित्रीकरण असो की घरातल्या लग्नाची जुनी चित्रफीत, काही कामांसाठी आजही सीडी किंवा डीव्हीडी लागते. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये लेझरच्या उष्णतेने रंगद्रव्याच्या थरात कायमचा बदल होतो आणि तो पुसता येत नाही. म्हणून एक डिस्क फुकट गेल्यावर लगेच दुसरी घालू नये. आधी पहिली कोणत्या टप्प्यावर अडली ते पाहावे, कारण बिघाडाचा माग बहुधा तिथूनच लागतो.

काम सुरूच होत नसेल तर ड्राइव्हवरील चिन्ह वाचावे. जुन्या लॅपटॉपमधील कित्येक ड्राइव्ह डीव्हीडी फक्त वाचतात आणि लिहितात मात्र सीडीच. ड्राइव्ह योग्य असेल तर जागेचा हिशेब करावा. वेष्टनावरील ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक १०२४च्या पटीत मोजतो, त्यामुळे विंडोजमध्ये तीच जागा सुमारे ४.३७ जीबी दिसते आणि ४.५ जीबीचे फोल्डर तिच्यात मावत नाही. एकच फाइल ४ जीबीहून मोठी असेल तर फाइल प्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) म्हणून यूडीएफ निवडावी.

लेझरच्या शक्तीची जुळणी झाली नाही, म्हणजे ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’, असा संदेश आला तर सॉफ्टवेअर बदलून सहसा उपयोग होत नाही. लिहिण्यापूर्वी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेजवळ राखून ठेवलेल्या जागेत लेझरची चाचणी घेतो आणि तिथेच त्याला योग्य शक्ती सापडलेली नसते. अशा वेळी दुसऱ्या कंपनीची डिस्क वापरून पाहावी. तीही अडली तर भिंगावर धूळ बसली आहे किंवा लेझर क्षीण झाला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

सर्वाधिक डिस्क वाया जातात त्या मध्येच अडल्यामुळे. लेखन आतून बाहेर सरकत जाते आणि वेगवान ड्राइव्हमध्ये बाहेरच्या कडेकडे जाताना लेखनाचा वेगही वाढत जातो. त्यातच डिस्कचा किंचित बाक आणि बोटांचे ठसे यांचा त्रास कडेलाच जास्त जाणवतो. म्हणून ८०-९० टक्क्यांवर काम थांबत असेल तर सर्वप्रथम वेग कमी करावा. १६ एक्सच्या, म्हणजे मूळ वेगाच्या १६ पट वेगाने लिहिता येणाऱ्या, डीव्हीडीसाठी मी ८ एक्स पसंत करतो. पूर्ण डिस्कला तीनेक मिनिटे अधिक लागतात, इतकेच. मात्र अगदी १ किंवा २ एक्सवर उतरण्याचा हट्ट धरू नये, कारण अधिक वेगासाठी बनवलेले रंगद्रव्य तिथे चांगलेच उमटेल असे नाही.

थांबण्याची जागा दर वेळी वेगळी असेल तर मात्र संशय विजेवर किंवा केबलवर घ्यावा. यूएसबीवर चालणाऱ्या बाह्य राइटरला लिहिताना वाचनापेक्षा जास्त वीज लागते. माझ्या तीन डीव्हीडी अशा गेल्यावर मी हब (एका यूएसबी जागेला अनेक उपकरणे जोडणारी पेटी) काढून राइटर थेट संगणकाला जोडला आणि चौथी नीट पूर्ण झाली. संगणकाकडे दोन यूएसबी टोके असलेली केबल मिळाली असेल तर ती दोन्ही टोके लावावीत. पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून थेट लिहिण्याऐवजी सर्व फाइल आधी हार्ड डिस्कवर घ्याव्यात.

काम पूर्ण झाल्याचा संदेश येऊनही डिस्क दुसरीकडे उघडत नसेल, तर बहुधा ती फायनलाइज, म्हणजे लेखन बंद करून इतरत्र वाचण्याजोगी, झालेली नसते. विंडोज सुरुवातीलाच दोन पर्याय देते: पेन ड्राइव्हसारखी वापरायची डिस्क आणि सीडी/डीव्हीडी प्लेयरसाठीची डिस्क. दुसऱ्याला द्यायची असेल तर दुसराच पर्याय घ्यावा. अशी उघडी राहिलेली डिस्क टाकून देऊ नये. ज्या ड्राइव्हवर ती लिहिली त्याच ड्राइव्हमध्ये घालून लेखनाचे सत्र बंद केले की ती पुष्कळदा वाया जाण्यापासून वाचते.

सीडीवर नाव लिहिताना बॉलपेन वापरू नये. सीडीचा लेखनाचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो आणि टोकदार पेनाने तो खरवडला जातो; मऊ टोकाचा, पाण्याच्या शाईचा मार्कर घ्यावा.

पडताळणीसाठी फाइलींची यादी दिसणे पुरेसे नाही, कारण ती यादी डिस्कच्या छोट्याशा भागात असते. सर्व फाइल हार्ड डिस्कवरील रिकाम्या फोल्डरमध्ये परत उतरवून पाहाव्यात, आणि शक्य असल्यास हे काम दुसऱ्याच ड्राइव्हवर करावे. मूळ फाइल त्यानंतरच पुसाव्यात.