बरे झाल्यावरही पॉझिटिव्ह रिपोर्ट टाकून देऊ नका

कोविडमधून माणूस ठणठणीत बरा होतो, तरी आरटी-पीसीआर ही स्वॅबची तपासणी कधी कधी ३ महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येत राहते. विषाणूचे मेलेले अवशेषही ती पकडते. २०२१ मध्ये निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट मागत होते, तेव्हा आमच्या मामांचा जीव यातच टांगणीला लागला होता. कोल्हापुरातून बेळगावला यायचं, ताप जाऊन ३ आठवडे झालेले, आणि रिपोर्ट परत पॉझिटिव्ह!

परदेशी जाणाऱ्यांसाठी अमेरिकेने यावर वाट ठेवली होती. मागच्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र दाखवलं, की निगेटिव्ह तपासणी लागत नसे. १२ जून २०२२ ला तपासणीची ती अटच उठली. पण पुन्हा कधी तशी वेळ आली, तर हेच कागद उपयोगी पडतील.

म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट रागाने फाडू नका. त्यावर स्वॅब घेतल्याची तारीख आहे ना, ते बघा. पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि इंग्रजीत घ्या. नावाचं स्पेलिंग मात्र पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं असतंच, आणि लॅबमधला पोरगा तिसरंच टाइप करतो. काउंटर सोडण्याआधी एकेक अक्षर वाचून घ्या. अँटिजेन तपासणी चालते का, हे विमान कंपनीला आधी विचारा; ती बहुधा लवकर निगेटिव्ह होते.