डाळिंबाच्या बागेत हवामान लॉगर बसवताना

हवामान लॉगर म्हणजे सेन्सरांकडून तापमान, आर्द्रता, पाऊस यांची आपोआप नोंद ठेवणारं यंत्र. त्यात महाग सेन्सर आणला तरी तो टांगला कुठं यावर नोंदीचा खरेपणा ठरतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर सहज जातो. अशा वेळी शेडच्या पत्र्याखाली बांधलेला सेन्सर हवेचं नाही, पत्र्याचं तापमान सांगतो.

बागेच्या कडेला, मोकळ्या जागी पाइप रोवा. सेन्सरवर थेट ऊन पडू नये पण हवा खेळावी म्हणून, कुंडीखाली ठेवतात तशा पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ बशा उपड्या करून दोन-दोन सेंटिमीटर अंतरानं बोल्टवर ओवा. वरच्या दोन अखंड ठेवा, बाकीच्यांना मधोमध भोक पाडा. सेन्सर त्या पोकळीत, जमिनीपासून दीड मीटरवर. आर्द्रता तपासायला मिठाचा उपाय पुरतो: झाकणाच्या बरणीत ओलं, लगद्यासारखं मीठ आणि त्याला न टेकता सेन्सर रात्रभर ठेवा. २५ अंशांच्या आसपास ७५ टक्के दिसायला हवेत. जो फरक येईल तो प्रोग्राममध्ये वजा करा.

पर्जन्यमापकात खरी गोची होते. २०० मिलिमीटर व्यासाचं नरसाळं आणि ०.२ मिलिमीटरला एक टिपका (आतली झुलती वाटी भरून एकदा कलंडणं) असेल, तर एका टिपक्याला ६.२८ मिलिलिटर पाणी लागतं. बाटलीच्या बुडाला सुईनं भोक पाडून ६२८ मिलिलिटर पाणी तासाभरात ठिबकू द्या. शंभर टिपके, म्हणजे २० मिलिमीटर, मोजले गेले पाहिजेत. नव्वदच आले तर वाटी जास्त पाणी धरतेय. तिच्या खालचे दोन्ही स्क्रू सारखेच थोडे वर घ्या. दीडशे-दोनशे आले तर दोष पाण्याचा नाही, वाटीचं कलंडणं मोजणारा रीड स्विच (चुंबकानं जुळणारा) थरथरतोय आणि एकच टिपका अनेकदा मोजतोय. एका टिपक्यानंतरचे २०० मिलिसेकंद मोजू नका, असं प्रोग्रामला सांगा. मापक लेव्हलमध्ये हवा, हे वेगळं सांगायला नको, तरी बहुतेक जण तिथंच चुकतात.

पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरा, हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडता येतो. घड्याळासाठी डीएस३२३१ चिप घ्या. स्वस्त घड्याळ महिन्यात काही मिनिटं सरकतं. नोंद दर १५ मिनिटांनी पुरे.

काळ्या रानात ओलाव्याचा सेन्सर नुसता खुपसू नका. माती वाळली की भेगाळते, पात्याभोवती हवा शिरते आणि ओल असूनही आकडा कोरडा येतो. त्याच मातीचा गारा करून पातं त्यात बसवा, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर. दोन काट्यांचे स्वस्त सेन्सर गंजतात, कपॅसिटिव्ह प्रकारचा (धातू उघडा न ठेवता ओल मोजणारा) घ्या.

लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि उन्हातला डबा दुपारी ती हद्द सहज ओलांडतो. म्हणून डबा खांबाच्या उत्तरेला, सोलर पॅनेलच्या सावलीत बांधा. केबल आत घेताना तिला खाली वळसा द्या, नाहीतर पाणी वायरीवरून थेट सर्किटवर उतरतं.

मृगाआधी एकदा आणि उत्तरा-हस्ताच्या पावसाआधी पुन्हा नरसाळं धुवा. रात्री धो-धो पाऊस झाला, सरीत पाणी उभं आहे आणि फाइलमध्ये शून्य दिसतंय? प्रोग्राम उघडण्याआधी नरसाळ्यात डोकवा, बहुधा पाचोळा किंवा गांधीलमाशीचं पोळं सापडेल.