डाळिंब परदेशी पाठवायचंय? फवारणीची वही आधी

निर्यातीचं नाव निघालं की नवखा बागायतदार आधी खरेदीदार शोधायला लागतो. सांगोला, मंगळवेढ्याच्या बागांमध्ये खरी तयारी बहार धरतानाच, म्हणजे बागेला ताण देऊन फुलं आणतानाच सुरू होते. भगवा हा डाळिंबाचा वाण तयार व्हायला साधारण सहा महिने लागतात. तेवढ्या काळात काय फवारलं, त्यावरच माल युरोपात जाणार की स्थानिक बाजारात, हे ठरतं.

युरोपसाठी अपेडाच्या (शेतमाल निर्यात पाहणारी केंद्र सरकारची संस्था) 'अनारनेट' या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी लागते. ती कृषी विभागामार्फत होते. सातबारा आणि बागेचा नकाशा हाताशी ठेवा. मग वही. प्रत्येक फवारणीला तारीख, औषधाचं तांत्रिक नाव (ब्रँडचं नव्हे), मात्रा, पाणी आणि कारण लिहा. सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी तेल्यासाठी (फळावर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) उत्तम, पण युरोपची अवशेषमर्यादा, म्हणजे फळात औषध किती उरलेलं चालतं, ती वेगळी पडताळायची. जिथे स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम! क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाला तिथे २०२० पासून मान्यता नाही. घात बहुधा लेबल नसलेल्या 'टॉनिक'च्या बाटलीतून होतो. आत कीटकनाशक मिसळलेलं असतं आणि वहीत त्याचा पत्ता नसतो. बांधापलीकडच्या फवारणीचा तुषारही प्रयोगशाळेच्या अहवालात दिसतो. तपासणीचा नमुना प्रयोगशाळेच्या माणसालाच बागेतून घेऊ द्या, पिशवीत भरून पाठवू नका.

दोन एकरवाल्याचा कंटेनर एकट्याने भरत नाही. अमेरिकेला समुद्रमार्गे गेलेला पहिला माल मार्च २०२५ मध्ये पोचला, तो ४,६२० खोकी, म्हणजे सुमारे १४ टन होता, आणि वाटेत पाच आठवडे गेले. म्हणून शेजारच्यांना सोबत घ्या. १० उत्पादक मिळाले की शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. आयात-निर्यात कोड कंपनीच्या नावावर घेता येतो. नाहीतर निर्यातदाराला माल द्या, सुरुवातीला तेच बरं.

काढणी कात्रीनेच. फळ ओढलं तर देठाजवळ साल फाटते आणि बुरशी तिथूनच शिरते. फळाच्या टोकावरचा तुरा मोडू देऊ नका. तेल्याचा बारीक डाग, उन्हाचा चट्टा किंवा तडकलेलं फळ खोक्यात गेलं तर सगळ्या लॉटवर शंका येते. शीतगृहात तापमान पाच अंशांच्या खाली गेलं की साल तपकिरी पडते, हे गाडीवाल्यालाही सांगून ठेवा.

पैशांचं बोलणं काढणीआधी उरका. दर बागेतल्या वजनावर की पॅकहाऊसमधल्या निवडीनंतरच्या, आणि बाद फळं कुणाची, हे कागदावर घ्या. वाद बहुतेक याच दोन ओळींवरून होतात.