शिंगरू किनाऱ्यावर आणलंय? पहिल्या काही महिन्यांत या चुका टाळा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि कोकणात पर्यटकांची खरी गर्दी नाताळला उसळते. मध्ये कधी तीन आठवडे मिळतात, कधी तेवढेही नाहीत. मग होतं असं, की बाजारातून आणलेलं दीड-दोन वर्षांचं शिंगरू टेम्पोतून उतरतं, नवी जागा धड हुंगतही नाही, तोवर गोंडे लावून पर्यटकांना पाठीवर फिरवायला नागाव-काशीदच्या वाळूत उभं केलं जातं. पुढे वर्षभर तक्रारी सुरू: चावतं, हाती लागत नाही, लाटेला बुजतं, पाय उचलू देत नाही. शिंगरू खोडसाळ नसतं. त्या पहिल्या घाईत ते जे शिकलं, तेच करत असतं.

आल्या आल्या कामाला लावणं

पहिले आठ-दहा दिवस शिकवणी नको. विकणाऱ्याकडे जो चारा आणि जी चंदी (दाणा) चालू होती, तीच सुरुवातीला द्या आणि हळूहळू बदला, नाहीतर पोट बिघडतं. वाडीत दुसरा घोडा नसेल तर निदान गाय किंवा शेळी त्याच्या नजरेत राहील असं बांधा. घोडा कळपातला प्राणी आहे. एकटं शिंगरू रात्रभर कान टवकारून उभं राहतं आणि सकाळी चिडचिडं असतं. आणि माडाखाली बांधू नका. नारळ, झावळी काहीही पडतं.

या दिवसांत रोज थोडा वेळ त्याच्याजवळ नुसतं थांबा. ते स्वतः येऊन हुंगू दे. घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि थेट मागचं दिसत नाही, म्हणून समोरून चालत जाऊन तोंडावर हात नेला की ते डोकं झटकतं. खांद्याच्या बाजूने जा. पहिला हात मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे बोटांनी नीट खाजवलं की वरचा ओठ लांबतो, मान खाली येते, डोळा अर्धवट मिटतो. हे दिसलं की खरारा (अंग घासायचा ब्रश) हातात घ्यायला हरकत नाही.

दोर ढिला न सोडणं

माझ्या मते सगळ्यात जास्त शिंगरं या एका चुकीने बिघडतात. ओढल्याने घोडा शिकत नाही. ओढ थांबते त्या क्षणी शिकतो. दोराला हलका ताण द्या आणि थांबा. त्याने अर्धं पाऊल टाकलं, नुसतं वजन पुढे झुकवलं, तरी लगेच दोर सैल. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. शिंगरू पाऊल टाकतं आणि माणूस खूश होऊन आणखी जोरात ओढतो. मग ऐकून काय मिळालं? त्रासच. पुढच्या वेळी ते पाय रोवून मागे रेटतं, आणि त्या ताकदीपुढे चार माणसं कमी पडतात. रोवून उभं राहिलंच, तर समोरून ओढू नका. खांद्याच्या बाजूला उभं राहून मान थोडी वळवा. तोल सांभाळायला पाय हलवावाच लागतो. हलला की सोडा. ओठ चाटले, चावल्यासारखं तोंड हलवलं, नाकातून मोठा श्वास सोडला, तर घडीभर थांबा.

पाय उचलण्याचंही तेच. खांद्यापासून हात खाली नेत खुरापर्यंत जा. पाय हातात आला की ते हिसडायच्या आत आपणच हलकेच खाली ठेवा. हिसडल्यावर सोडलात तर हिसडणं शिकवलंत. हे पक्कं व्हायच्या आधी नालबंदाला बोलावू नका. शिवाय डाव्या बाजूने शिकलेलं उजवीकडून पुन्हा शिकवावं लागतं.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत. जमलेल्या गोष्टीवर थांबा.

होडीचा नायलॉन दोर वापरणं

बंदरावर फुकट मिळतो म्हणून सर्रास वापरतात. घसरला की तळहात सोलून निघतो, आणि शिंगराने मागे ताण दिला तर तुटत नाही, मानेला इजा होते. दहा-बारा फुटांचा जाड सुती दोर घ्या. बांधताना कडी आणि दोर यांच्यामध्ये सुतळीचा एक फेर ठेवा, म्हणजे घाबरून मागे गेलं तर सुतळी तुटेल. तोंडावरच्या मोरखीचा दोर हाताला गुंडाळून तर कधीच धरू नका.

हातावर गूळ देणं

प्रेम म्हणून देतात आणि महिन्याभरात शिंगरू खिसे चाचपायला लागतं, मग चिमटे काढतं. तेव्हा मात्र थोबाडीत बसते. खाऊ घमेल्यात द्या, शाबासकी खाजवून द्या. पर्यटकांनाही बिस्किटं देऊ देऊ नका. ते अंगावर चालून येत असेल तर तुम्ही मागे सरकू नका. दोर हलवून त्यालाच दोन पावलं मागे घ्या आणि लगेच शांत व्हा.

लाटेवर ढकलणं

पाण्याची कड सारखी पुढे-मागे होते, फेस उडतो, आवाज येतो. मागून दोघांनी हाकलून पाण्यात घातलेलं शिंगरू पुढे कित्येक महिने ओल्या वाळूलाही बिचकतं. सोमवार ते गुरुवारची सकाळ निवडा, किनाऱ्यावर बाइक आणि पॅराशूट कमी असतात. ओहोटी बघून जा. ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. सुरूच्या बनाजवळून सुरुवात करा, पाण्याला समांतर चाला. कान ताठ होऊन पाय थांबले, की तिथेच उभं राहा. मान सैल झाली की तुम्हीच त्याला पाण्यापासून लांब न्या. हे लांब नेणंच त्याचं बक्षीस. पाण्याला सरावलेला, माणसाळलेला दुसरा घोडा सोबत असेल तर काम निम्म्याने हलकं होतं. कोरड्या भुसभुशीत वाळूत गोल गोल पळवू नका, पायातले कोवळे स्नायुबंध दुखावतात.

दुखण्याला खोड समजणं

कालपर्यंत शहाणं असलेलं शिंगरू आज लाथ झाडतंय, तर आधी अंग तपासा. पावसाळ्यात खुराच्या तळव्यातल्या मऊ त्रिकोणातून काळा, घाण वासाचा चिकटा येतो का बघा; खूर रोज खरवडून कोरडं ठेवा. चारा वाळूवर टाकत असाल तर लीद बादलीतल्या स्वच्छ पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवा. तळाला वाळू बसली तर तीच पोटात साचतेय. पाय आपटणं, वळून कुशीकडे बघणं, लोळणं ही पोटशूळाची लक्षणं. तेव्हा मालिश-काढे करत बसू नका, पशुवैद्याला फोन करा. धनुर्वाताची लस घोड्याला हवीच, किरकोळ खिळ्याच्या जखमेनेही घोडा दगावतो.

दमट हवेतला आणखी एक धोका म्हणजे घाम न येणं. एप्रिल-मेमध्ये थोड्या चालण्यानेही धाप लागते आणि कातडी मात्र कोरडीच, असं दिसलं तर काम बंद करा, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि पशुवैद्याला दाखवा.

पाठीवर वजन कधी? गुडघ्यावरची हाडं अडीच वर्षांच्या सुमारास पक्की होतात, पाठीचा कणा पाच-सहा वर्षांपर्यंत वाढत असतो. तिसऱ्या वर्षानंतर हलका स्वार, थोडा वेळ, एवढंच. पूर्ण वाढलेल्या साडेतीनशे किलोच्या घोड्यावरही खोगिरासकट सत्तर किलोच्या वर नको, मग दिवसभराच्या फेऱ्या कोवळ्या शिंगराकडून कशा करून घ्यायच्या? पहिला सीझन त्याला हातात दोर धरून फिरवण्यातच जाऊ द्या. त्या वर्षीच्या कमाईसाठी दुसरा, मोठा घोडा ठेवा.