या चुका टाळा : स्क्रीनवर उजळ, छापल्यावर काळपट

"प्रिंट काळपट आलीय, शाई बघा तुमची." डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं जुळवायच्या) टेबलावर हे मी असंख्य वेळा ऐकलंय, सुरुवातीला प्रेसवाल्याला ऐकवलंही आहे. शाई बहुतेकदा ठीकच असते. घोळ मॉनिटरच्या ब्राइटनेसचा असतो.

दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून नवा मॉनिटर चढ्या ब्राइटनेसवरच येतो. त्यावर नवरदेवाचा काळा कोट झकास दिसतो, म्हणून फोटो उजळायचं आपल्या मनातही येत नाही. छापल्यावर कोट आणि केस एकच. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, खोलीतला असेल तेवढाच तो परत देतो. तेव्हा खोलीतल्या नेहमीच्या उजेडात एक कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवरही रिकामं पांढरं पान उघडा आणि दोन्ही साधारण सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. वाटू दे. १९९६ साली स्क्रीनवरच्या रंगांसाठी एसआरजीबी हे प्रमाण मांडलं गेलं, तेव्हा त्यात पांढऱ्या रंगाची उजळी ८० निट्स (निट हे स्क्रीनची उजळी मोजायचं एकक) धरली होती; आजचे चांगले मोबाइल उन्हात याच्या दसपट सहज जातात.

तरीही फोटो काळपट असेल तर ब्राइटनेसचा स्लायडर सरसकट ओढू नका, पांढरी साडी जळून जाते. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० ते २५५ आकड्यांत मांडतो; त्यातला १२८ म्हणजे अर्धा उजेड, हाच मुळात गैरसमज. १२८ च्या करड्यातून पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड निघतो, तरी डोळ्याला तो मधला वाटतो, कारण गडद छटांमधले बारीक फरक डोळा जास्त टिपतो. फोटोशॉपमधलं कर्व्हज (गडद-उजळ छटा वेगवेगळ्या हलवायचं साधन) उघडा आणि फक्त गडद टोक थोडं उचला.

रात्री नाइट मोड चालू ठेवून रंग ठरवणं ही माझी स्वतःची जुनी चूक. पिवळसर स्क्रीनला डोळा सरावतो, पण पुरता नाही. उरलेला पिवळेपणा आपण फोटोतूनच काढत बसतो आणि सकाळी सगळं वऱ्हाड निळसर!

आजूबाजूचा रंगही फसवतो. एमआयटीच्या एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांनी १९९५ साली दाखवलेला बुद्धिबळाचा पट बघा : सावलीतलं 'पांढरं' घर आणि उजेडातलं 'काळं' घर अगदी एकाच करड्या रंगाचं आहे, तरी कितीही बघा, पटत नाही. म्हणून भडक वॉलपेपर काढून मागे साधा करडा रंग ठेवा.

गिऱ्हाईक पत्रिका मोबाइलवर पास करतं, तेही बहुधा रंग भडक करणाऱ्या व्हिव्हिड मोडमध्ये. तिथे चमकणारा पोपटी छपाईच्या चार शाईंत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी) बसतच नाही. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि वाय दाबून त्याला छपाईतला रंग दाखवा. तोंड वाकडं होईल, पण पाचशे पत्रिका छापायच्या आधी.