'कोत्मा' कोण, ते आधी बघा

एमएला उत्तरवसाहतवादी साहित्याचा, म्हणजे साहेबाच्या राज्याखाली राहिलेल्या देशांच्या लेखनाचा पेपर घेतला आणि पहिले दोन महिने मी नुसती थिअरी वाचली. सैद, भाभा (अणुशास्त्रज्ञ नव्हे, साहित्याचे सिद्धांतकार), स्पिव्हाक. सेमिनार होता नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबेच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'वर (1958). बारा पानं लिहून नेली. मॅडमनी चाळली आणि विचारलं, "यात कादंबरी कुठंय?" नव्हतीच. 'अस्मिता' मात्र पानोपानी.

मग वही घेऊन एकच काम केलं: कोण कोणाला काय म्हणतं, ते उतरवून काढलं. गंमत तिथं सुरू झाली. 'कोत्मा' हा शब्द घ्या. गोऱ्यांच्या कोर्टाचे शिपाई म्हणजे 'कोर्ट मेसेंजर'. इग्बो, म्हणजे कादंबरीतल्या नायजेरियन गावकऱ्यांच्या तोंडी त्याचं झालं कोत्मा. आपल्याकडं लॉर्डचा लाट आणि कंपनीची कुंपणी झाली, तसंच. त्यांच्या चड्ड्या राखाडी, म्हणून गावानं त्यांना 'राखी ढुंगणवाले' ठरवलं. तुरुंग साहेबाचा, पण नावं ठेवायचा हक्क अजून गावाचाच! पाद्र्याचा दुभाषी इग्बोच, पण वेगळ्या बोलीचा. तो 'मी स्वतः' म्हणतो आणि लोकांना ऐकू येतं 'माझं ढुंगण'. सभा खो खो हसते.

त्याच सभेत कादंबरीचा नायक ओकोन्क्वो याचा मुलगा न्वोये मात्र पाद्र्यांच्या गाण्यानं आतून हलतो. रानात टाकलेली जुळी बाळं, घरात भावासारखा राहिलेला आणि मग मारला गेलेला इकेमेफुना, हे त्याला आधीपासून छळत असतं. पुढं तो ख्रिस्ती होऊन आयझॅक होतो. 'आपले भोळे, परके वाईट' असं लिहायला निघालात तर न्वोयेपाशी अडाल. मी अडले होते.

शेवटच्या पानावर नजर अचानक जिल्ह्याच्या साहेबाची होते. ओकोन्क्वोनं गळफास घेतलाय आणि साहेब स्वतःच्या पुस्तकाचा विचार करतोय: याच्यावर प्रकरण नको, एखादा बरासा परिच्छेद पुरे. आपण त्या माणसाची पंचवीस प्रकरणं वाचून आलेलो असतो. आणि साहेबाच्या पुस्तकाच्या नावात इग्बो हा शब्दसुद्धा नाही, नुसत्या 'आदिम टोळ्या'.

यानंतर अचेबेचीच 'ॲरो ऑफ गॉड' (1964) घ्या. तिथं इंग्रजांना राज्य चालवायला मुखिया हवाय आणि पुजारी एझेउलू ते पद नाकारतो. मग इंग्रजीत लिहावं की आपल्या भाषेत, या वादासाठी केनियाचा लेखक न्गुगी. भाभा त्याच्या नंतर, तेव्हा तो समजतोही.

दुसऱ्या खेपेला माझी सातच पानं झाली. वर्गात बोलताना दुभाषाच्या त्या शब्दापाशी मी अडखळले. मॅडम म्हणाल्या, "म्हण की! अख्खं गाव हसलं होतं ना?"